तिरक्या दोरांचं गणित

३ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केलाय, पत्रातून दिसत नसला तरी. आठवण आली म्हणून लिहीत नाहीये, अडली म्हणून लिहितेय. अडला हरी... पुढचं तूच म्हण, मी म्हटलं तर उद्धटपणा होईल.

मार्चमध्ये क्रेनचालकाच्या परवान्याची परीक्षा आहे. क्रेन चालवून दाखवायची मला भीती नाही. जहाजदुरुस्तीच्या या कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या उस्तादच्या मागे केबिनमध्ये बसून मी आता पुरती मुरलेय. रिकामा हूक तो माझ्याच हातात देतो. घोडं अडतंय ते लेखी पेपरात. परिणामी बल! एका कडीला दोन दोर, प्रत्येक दोर पाच किलोन्यूटनने ओढतोय, दोघांमधला कोन एकशेवीस अंश. मी उत्तर लिहिलं दहा. पुस्तकात मागे छापलंय पाच. मामा, दोघांनी ओढलं आणि जोर एकाचाच? मग दुसरा काय झोपला होता?

बोक्याला विचारलं. बोका म्हणजे आमचा खलाशी. जहाजावरचा नव्हे, हूकला माल बांधणारा. मिशांमुळे बोका. तो म्हणाला, "पुस्तक चुकलंय, छापणाऱ्याला कळव." मुकादमाने ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईमाणूस क्रेनवर बसणार, आणि दोरांची बेरीज येईना." सगळे हसले. बोका हसला नाही.

आई बरी आहे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात आता तिच्याकडे ऑपरेशनच्या चादरी दिल्यात. ती म्हणते, त्याला त्रास देऊ नकोस, त्याला दमा आहे. पण तू जन्मभर हेच शिकवलंस, तर दम्याला काय होतंय?

तुझी,
चिमणी

९ जानेवारी

चिमे,

पुढचं मी म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं. तुझी मामी स्वयंपाकघरातून धावत आली, कुणाला गाढव म्हणताय म्हणून. स्वतःलाच, म्हटलं. तिला पटलं.

परवा आमचं लोखंडी कपाट हलवायला शेजारचे दोघे आले. एक ओढतोय दाराकडे, दुसरा खिडकीकडे. दोघेही घामाघूम, आणि कपाट मधल्यामध्ये वीतभर सरकलं. बल म्हणजे काही बटाटे नव्हेत, दोन किलो आणि तीन किलो मिळून पाच व्हायला. बलाला दिशा असते. एका बिंदूतून दोन बाण काढ. त्यांच्यावर समांतरभुज चौकोन पुरा कर. त्याच बिंदूतून जो कर्ण निघतो, ते परिणामी बल. दोन्ही बाजू सारख्या आणि मधला कोन एकशेवीस असला, की कर्ण बाजूएवढाच येतो. दुसरा झोपला नव्हता, बाळे. दोघांच्याही जोराचा मोठा वाटा एकमेकांना ओढण्यातच गेला.

आता उलटं कर. चार टनांचा माल दोन दोरांनी टांगलाय. दोर आडव्या रेषेशी साठ अंशांत आहेत. प्रत्येकावर ताण किती? मग तेच दोर फाकवून तीस अंशांवर आण, आणि पुन्हा काढ. उत्तर आलं की खाली रेघ मारून मोकळी होऊ नकोस. पटतंय का, ते बघ.

मुकादमाचं मनावर घेऊ नकोस. माझ्या वर्गातही असे होते, ते पुढे परीक्षक झाले.

मामा

२८ जानेवारी

मामा,

सुटलं! साठ अंशांना सव्वादोन टनांच्या थोडं वर. तीसला पुरे चार. म्हणजे दोर दोन आहेत, आणि एकेकावर अख्ख्या मालाएवढा ताण. तू पटतंय का बघ म्हणालास, म्हणून मी खाली जाऊन बघितलं. मामा, आमच्याकडे तसंच चालतं.

लांब दोर लावले तर माल खाली लोंबतो आणि जहाजाच्या कठड्याला अडतो. म्हणून मुकादम आखूड दोर लावायला लावतो. आखूड दोर फाकतात, माल वर राहतो, कठडा सुटतो, काम पटकन होतं. दोरावर पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर लिहिलंय तीन टन.

मी मुकादमाला गेले सांगायला. म्हटलं, "हे चार टनांचं ओझं येतं एकेका दोरावर."

"माल चार टनांचा, दोर दोन. दोन-दोन झाले. शाळेत गेली होतीस का?"

"फाकले की तसं होत नाही. काढून दाखवते."

त्याच्या हातात कडी होती, दोर अडकवायची, पोलादाची. ती त्याने फेकून मारली. उजव्या खांद्यावर बसली. मी खाली बसले ते मला नंतर कळलं. तो दुसरी उचलत होता, बोक्याने त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं. मुकादमाने सोडवून घ्यायला बघितलं, सुटेना. मग बोका म्हणाला, "चिमणीला मारायचं नाही," आणि सोडलं. दुसऱ्या दिवसापासून मुकादम दोराचं टोक घेऊन बोक्याच्याच मागे आहे.

खांदा काळानिळा आहे, हाड शाबूत. आईला पडले म्हणून सांगितलंय. पुढची गणितं पाठव.

चिमणी

५ फेब्रुवारी

चिमे,

गणितं सोबत आहेत. पण आधी हे वाच.

कडी फेकून मारली आणि तू "पुढची गणितं पाठव" लिहितेस? मी पत्र मामीला वाचून दाखवलं नाही, ती चप्पल घालून निघाली असती. त्या माणसाच्या वरती कुणी असेल ना? साहेब, मालक, कुणीतरी? त्याच्या कानावर घाल. गणित काढून दे, खांदा दाखव, दोन्ही एकदम. आणि परवाना हातात पडला की त्या जागेला रामराम ठोक. क्रेन काय तिथेच असतात का?

त्या बोक्याला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, पुस्तक बरोबर आहे, पण तू जास्त बरोबर आहेस.

मामा

२४ फेब्रुवारी

मामा,

साहेबाला सांगितलं होतं. तो म्हणाला, हे जहाज एकदा सुटू दे.

परीक्षा यंदा देत नाही. गणितं पाठवू नकोस. हात दुखतोय, म्हणून अक्षर असं. आई बरी आहे.

चिमणी

२ मार्च

चिमे,

हे काय पत्र झालं? तार केली असतीस तर दोन शब्द जास्त मिळाले असते.

मी आयुष्यभर मुलं पाहिलीत. परीक्षा जवळ आली की कुणाचा हात दुखतो, कुणाचं पोट. समांतरभुज चौकोन जमला, तीस अंशांचं गणित जमलं, आता शेवटच्या महिन्यात काय झालं? मामी म्हणते, मुलगी वयात आलीये, कुणी मुलगा बघितला असेल. असेल तर खुशाल असू दे, पण त्याला म्हणावं, पेपर झाल्यावर ये.

अक्षर बाकी खरंच भिकार होतं. डाव्या हाताने लिहिलंस का?

रागावलेला,
मामा

९ मार्च

मामा,

मुलगा नाही. हो, डाव्या हाताने. ऐक. आई म्हणत होती कळवू नकोस. पण तू चिडवलंस आणि मला रडू फुटलं, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन-तीन बैठकांत लिहितेय, सांभाळून घे.

त्या सकाळी पोलादी पत्र्यांचा गठ्ठा जहाजावर चढवायचा होता. चार टन. लांब दोरांनी एकदा उचलला, कठड्याला अडला, खाली घेतला. मुकादम म्हणाला, आखूड लावा. बोका म्हणाला, "फार फाकतायत." मुकादमाने दोराचं टोक त्याच्या पाठीत हाणलं. बोक्याने बांधलं. उस्तादने उचललं. मी मागे बसून बघत होते.

दोर तुटला त्याचा आवाज बंदुकीसारखा आला. गठ्ठा एका बाजूने कलंडला, आणि पत्रे एकावरून एक सरकत सुटले. बोका पळाला. कुणी म्हणेल उभा राहिला, पण तो पळाला, मी बघितलं. एक पत्रा कडेवर आपटून उडाला आणि त्याने बोक्याला कमरेत गाठलं. मामा, वरून मला त्याचे दोन भाग दिसले. वरच्या भागाचा हात हलत होता.

उस्ताद किंचाळत शिडीने खाली गेला. जाताना मला म्हणाला, "कशाला हात लावू नकोस."

बोक्याचा धाकटा भाऊ आमच्याकडेच गॅसने लोखंड कापायचं काम करतो. तो धावत आला. भावाजवळ बसला, दोन्ही भाग जवळ आणायला बघत होता. मग उठला. तोवर मुकादम शेडमध्ये जाऊन आतून कडी लावून बसला होता. चौघांनी दार फोडलं, त्याला केसांना धरून बाहेर काढलं, आणि सगळे तुटून पडले. पाने, सळया, बूट. मला त्याची दया आली नाही. पहिला पाना त्याच्या तोंडावर बसला, आणि केबिनमध्ये मी एकटीच "अजून" म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

त्याचा एक डोळा गेला तो तेव्हाच. हात उलटा वळला होता. तरी मी बघत होते. मग धाकट्याने नळी ओढत आणली आणि गॅसची ज्योत पेटवली. निळी, टोकदार. ज्योत बघून मागचे काही सरकले, पण चौघांनी मुकादमाला दाबून धरला होता. तो ओरडत नव्हता, नुसतं "आई, आई" करत होता.

मी उस्तादच्या खुर्चीवर बसले.

हूकचा गोळा माणसाच्या छातीएवढा असतो, आणि त्याला न तुटलेला दुसरा दोर अजून लटकत होता. मी तो त्यांच्या डोक्यांवरून फिरवत आणला. लोक पांगले. एकाच्या खांद्याला घासून गेला, तो पडला. धाकट्याच्या हातातली नळी उडाली. मुकादमाने तेवढ्यात चांगला हात दोराच्या फासात घातला, कोपरापर्यंत. मी उचलला.

धाकट्यासकट चौघांनी त्याचे पाय धरले. तो मध्ये ताणला गेला. मला त्याचं तोंड दिसत होतं आणि मला वाटलं, हाही आता दोन होणार. तिघांनी सोडलं. धाकट्याने नाही सोडलं. तो लोंबकळत वर आला. मी थांबू शकत होते, मामा. खाली घेऊ शकत होते. पण खाली ती माणसं होती, म्हणून मी जहाजाच्या डेककडे फिरवत राहिले. धाकटा हवेत असतानाच एका हाताने मुकादमाच्या पोटात बुक्क्या मारत होता. एका हाताने धरायचं, एका हाताने मारायचं. दोन मजल्यांच्या उंचीवर त्याचा हात सुटला.

खाली क्रेनचे रूळ होते. त्यांवर पडला. कंबरेचं हाड आणि दोन्ही मांड्या मोडल्या.

मुकादमाला मी डेकवर ठेवलं. हळूच ठेवलं, रिकामा हूक ठेवते तसं. तोवर खालचे लोक क्रेनची शिडी चढून वर आले होते. मी केबिनचं दार ओढून घेतलं, तर त्यांनी ते बाहेरून माझ्या हातावर आपटलं. दोनदा. उजव्या हाताची तीन बोटं गेली, म्हणजे आहेत, पण वळत नाहीत. खाली आणून मला लाथा घालत होते, तेव्हा उस्ताद माझ्यावर पालथा पडला. त्याच्या दोन बरगड्या गेल्या.

धाकटा इस्पितळात आहे. त्याच्या चादरी आईकडे धुवायला येतात. ती घरी आली की जेवत नाही.

आता मला एकच सांग. खाली ते ओढत होते, वर मी ओढत होते. मुकादम वर गेला. म्हणजे परिणामी बल माझ्या बाजूला. मग धाकट्याला पाडलं ते मीच ना?

चिमणी

४ एप्रिल

चिमे,

माझे टाके काल काढले. डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, वीट होती, प्रक्षेपकाची गती, कोन अंदाजे पंचेचाळीस. तो हसला. मामी हसली नाही. आम्ही तुमच्याकडे आलो होतो, त्या शेवटच्या सकाळची गोष्ट. तुमच्या खिडकीतून वीट आली, मग दुसरी, आणि बाहेर कारखान्यातली ती पोरं तुझ्या नावाने ओरडत होती, आणि मामी पोळपाट घेऊन दारात उभी राहिली. तिने एकाचं नाक फोडलं, हे तिने मला बसमध्ये सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला मुंगी मारताना पाहिलं नव्हतं.

तुझ्या घरी राहिलो, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तोंडाने देता आलं नाही. आता देतो.

भौतिकशास्त्राचं उत्तर असं. हात सुटल्यावर त्याच्यावर तुझं कुठलंच बल नव्हतं. खाली ओढणारं एकच बल होतं, त्याचं वजन. परीक्षेत हे लिहिलंस तर पैकीच्या पैकी मिळतील. पण तू परीक्षेतलं विचारलं नाहीस.

दुसरं उत्तर, हो. तू उचलत राहिलीस म्हणून तो एवढ्या उंचीवर होता. आणि तू उचलत राहिलीस म्हणून मुकादम जाळला गेला नाही, आणि तो पोरगा, स्वतःच्या भावाच्या रक्तात उभा असलेला, खुनी झाला नाही. मी या दोन गोष्टी किती दिवस एकमेकींतून वजा करून बघतोय. होत नाहीत. दोन्ही तशाच्या तशा उरतात. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. खोटं लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस.

आता कामाचं. मुकादमाने जबाब दिलाय की अपघात झाला तेव्हा क्रेन तू चालवत होतीस. परवाना नसताना. माल हिसडला, दोर तुटला. तुझ्या आईने कळवलं. ज्याला तू वाचवलंस, त्यानेच असा जबाब द्यावा! मला राग येऊन दमा उसळला, रात्रभर बसून होतो. चौकशीला जा. घाबरू नकोस म्हणणार नाही, घाबर, पण जा. दोरांची आकृती काढून दे. डाव्या हाताने वाकडी आली तरी चालेल, बाण मात्र नीट काढ.

मामा

१७ मे

मामा,

चौकशी झाली. सगळं सविस्तर लिहिते, आईला मी दोनच वाक्यांत सांगितलंय.

खोली लहान होती, पंखा मोठा. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, चष्मा कपाळावर. मुकादम समोर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, एक हात गळ्यात. माझ्याकडे बघितलं नाही. तोच जबाब पुन्हा दिला, पाठ केल्यासारखा. साहेबाने मान डोलावली.

उस्तादला विचारलं, क्रेन कोण चालवत होतं. उस्तादने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. म्हणाला, "मला आठवत नाही." मामा, त्याने स्वतःच्या बरगड्या माझ्यासाठी मोडून घेतल्या, आणि हे एवढं त्याला जमलं नाही. त्याच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो रडत होता, आवाज न करता.

मग मी. आकृती काढली. वाकडी आली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. साहेबांना पण सांगितलं." मी शर्टाची कॉलर ओढून खांदा दाखवला. कडीचा वण अजून आहे. साहेब म्हणाला, ती तर पडली होती, तिच्या आईनेच सगळीकडे सांगितलंय. माझंच खोटं, माझ्या गळ्यात आलं.

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, म्हणजे दोघांचे दोन जबाब, आणि तिसऱ्याला आठवत नाही.

तेव्हा धाकटा आला. त्याला बोलावलं होतं, पण येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दोन कुबड्या. उंच माणूस होता, आता कमरेत वाकलाय. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्याला खूप वेळ लागला. खुर्चीवर बसला नाही. बसलो तर उठवत नाही, म्हणाला.

बाईंनी विचारलं, क्रेन कोण चालवत होतं?

"उस्ताद. मी खालून बघत होतो. दोर याने आखूड लावायला लावले. माझा भाऊ फाकतायत म्हणाला, तर याने त्याला मारलं."

साहेब म्हणाला, "याच मुलीने तुला अपंग केलंय, हे माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"तरी तिच्या बाजूने बोलतोस?"

धाकट्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बोक्याचेच डोळे आहेत त्याचे. "तिच्या बाजूने नाही. तिने मला पाडलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि माफ करणार नाही. तिने थांबवायला पाहिजे होतं. पण दोर तिने बांधायला लावला नव्हता. जे तिने केलं ते तिच्या नावावर लिहा. जे याने केलं ते याच्या."

उस्ताद उठला. म्हणाला, "मीच चालवत होतो. आठवलं." आणि खाली बसला.

मुकादमावर आणि साहेबावर खटला भरतायत. मला दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी, परवान्याशिवाय क्रेन हलवली म्हणून. हे बरोबरच आहे. बोटांना तेवढा वेळ लागेलच. दोन वर्षांनी मी बसणार आहे, मामा. गणितं पाठवत राहा.

बाहेर पडताना मी सगळ्यांत शेवटी निघाले, मुद्दाम. पण धाकटा दारातच उभा होता. दार आत उघडणारं, जड, आणि त्याचे दोन्ही हात कुबड्यांवर. मी मागे थांबले. काय करावं कळेना.

"बघतेस काय," तो म्हणाला. "उघड."

मी डाव्या हाताने दार ओढलं. पुरं उघडेना, म्हणून पाठ लावून धरून राहिले. तो एक कुबडी पुढे टाकून, मग दुसरी, मग पाय, असा माझ्या अंगाला न लागता बाहेर गेला. पायऱ्या होत्या. मी पुढे झाले नाही. त्याने हाक मारली नाही. तो शेवटची पायरी उतरेपर्यंत मी दार धरून उभी होते.

तुझी,
चिमणी